जर्सीचा रंग क्लबकडेच राहू द्या : नागपूरच्या फुटबॉल आयोजकांना खुले पत्र

प्रति,
नागपूर आणि कामठी परिसरातील फुटबॉल लीग, निमंत्रित आणि शालेय स्पर्धांचे आयोजक व पदाधिकारी

सप्रेम नमस्कार.

येत्या हंगामासाठी आपल्यापैकी काही जणांनी मिळून एक पत्रक काढलं आहे. वेळापत्रकात ज्या संघाचं नाव आधी, तो लाल जर्सी घालणार. ज्याचं नाव नंतर, तो हिरवी. जर्स्या आयोजक देणार, छातीवर पुरस्कर्त्याचं नाव असणार, सामना संपला की त्या मोजून परत करायच्या आणि पुढच्या सामन्यातल्या संघांनी त्याच घालायच्या. क्लबांनी स्वतःचं किट आणायची गरज नाही. कारण असं दिलं आहे की रंगांवरून वाद होतात आणि सामने उशिरा सुरू होतात.

वाद होतात, उशीरही होतो. ते निस्तरायला मैदानावर आम्हीच असतो, त्यामुळे ते आम्हाला कोणी सांगायला नको. पण त्यावर उपाय म्हणून सगळ्या क्लबांचे रंगच काढून घ्यायचे, हे मुकाट्यानं मान्य करता येणार नाही.

आम्ही म्हणजे या शहरातल्या मैदानांवर शिट्टी घेऊन उभे राहणारे पंच, पोरांना शिकवणारे प्रशिक्षक, क्लबच्या किटची पेटी सांभाळणारे आणि जर्स्या छापून देणारे. शेवटच्या गटाचा यात पैशाचा संबंध आहे. आयोजकांनी एकगठ्ठा काम एकालाच दिलं तर बाकीच्यांच्या ऑर्डरी जातात. लपवण्यासारखं त्यात काही नाही, म्हणून आधीच सांगून टाकलं. पंचांचा संबंध वेगळा आहे : दोन संघांचे रंग सारखे निघाले की निर्णय चुकतो आणि शिव्या पंचाला बसतात.

नियमात काय आहे, काय नाही

फुटबॉलचे नियम आयफॅब ही आंतरराष्ट्रीय संस्था ठरवते. खेळाडूंच्या साहित्याबद्दलचा नियम क्रमांक ४ रंगांविषयी फार थोडं बोलतो. दोन्ही संघ एकमेकांपासून आणि पंचांपासून वेगळे ओळखू आले पाहिजेत. प्रत्येक गोलकीपर बाकीच्या खेळाडूंपासून आणि पंचांपासून वेगळा दिसला पाहिजे. दोन्ही गोलकीपरच्या जर्स्या एकाच रंगाच्या निघाल्या आणि दोघांकडेही दुसरी नसली, तर पंचानं सामना खेळवायचा. जर्सीच्या आत घातलेल्या इनरच्या बाह्या जर्सीच्या बाहीच्या मुख्य रंगाच्या हव्यात, शॉर्टखालची टाइट शॉर्टच्या रंगाची, मोज्यावरची टेप मोज्याच्या रंगाची. बस, एवढंच. रंग जुळले तर बदलायचं कोणी आणि ते ठरवायचं कधी, यातलं काहीही तिथं लिहिलेलं नाही. ते स्पर्धा भरवणाऱ्यानं ठरवायचं असतं. आपल्या स्पर्धांच्या नियमावलीत नेमकी तीच जागा कोरी आहे.

प्रवेश अर्जावर 'संघाचा रंग' अशी एक ओळ असते. तिथं कोणी 'निळा' लिहून मोकळा होतो. कोणता निळा? आकाशी, रॉयल की नेव्ही? शॉर्ट कुठली, मोजे कुठले, दुसरी जर्सी आहे का, गोलकीपर काय घालतो, हे अर्ज विचारतच नाही. मग दोन निळे संघ सामन्याच्या दहा मिनिटं आधी समोरासमोर येतात. टॉस होतो, हरलेला संघ चिडतो, आणि कोणीतरी सरावाचे बिब, म्हणजे जर्सीवरून चढवायच्या बिनबाह्यांच्या बंड्या, शोधायला धावतो.

बिबनं प्रश्न सुटला असं आयोजकांना वाटतं. खरं तर तिथून पुढं गोंधळ सुरू होतो. बिब घातलं की पाठीवरचा नंबर झाकला जातो. पंच कार्ड लिहितो ते नंबरावर. मग खेळाडूला थांबवायचं, बिब वर करायला लावायचं, घाईत ३ चा ८ लिहिला जातो आणि पुढच्या सामन्यांत कार्डांची बेरीज करून ज्याला बाहेर बसवलं जातं तो भलताच पोरगा असतो. बदली खेळाडू आत जाताना बाहेर येणाऱ्याच्या अंगातलं ओलंचिंब बिब चढवतो. कडेचं इलास्टिक सैल असलं की बचावपटूच्या हातात धरायला आयतं हँडल मिळतं. एका मैदानावर दिवसाला चार सामने असले आणि प्रत्येक पंधरा मिनिटं घसरला, तर शेवटचा तासभर उशिरा संपतो. डिसेंबरात नागपूरला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. त्या शेवटच्या सामन्यातल्या पोरांनी काय बघून पास द्यायचा?

रंगांची टक्कर नेमकी कशात होते

धावणारा खेळाडू मान वळवून रंग बघत नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला मुख्यतः फिकट की गडद एवढंच कळतं, आणि तेवढ्यावर तो पास देतो. म्हणून नावानं वेगळे असलेले रंगही मैदानावर टक्कर घेतात : मरून आणि नेव्ही, बाटलीचा हिरवा आणि काळा, आकाशी आणि राखाडी, लाल आणि नारिंगी. शेवटची जोडी खास आपल्या गावची. संत्रानगरी म्हटल्यावर नव्या क्लबाला नारिंगी हवाच असतो. उजेड कमी होत गेला की डोळ्याला लाल लवकर काळपट दिसू लागतो, निळा त्या मानानं टिकतो. त्यामुळे दुपारी तीनला ठीक वाटलेली लाल आणि नेव्हीची जोडी दिवे लागायच्या सुमाराला एकच होऊन बसते.

घामाचा आणि मातीचा हिशेबही धरायला हवा. फिकट राखाडी किंवा आकाशी पॉलिस्टर भिजलं की चांगलंच गडद होतं. आपली काळी माती तर जुलै-ऑगस्टच्या शालेय सामन्यांत पांढऱ्या जर्सीचं अर्ध्या तासात काय करते ते सगळ्यांनी पाहिलं आहे. पावसाळ्यातली दुसरी जर्सी म्हणून पांढरी घेऊ नये. पिवळी किंवा झगझगीत पोपटी घ्यावी, चिखल लागला तरी उरलेला कपडा लांबून ओळखू येतो. फेब्रुवारीनंतर मात्र पांढरीच बरी, गडद पॉलिस्टर ऊन पिऊन घेतं.

आता मोजे. याकडे एकही आयोजक बघत नाही, आणि आमच्या मते शॉर्टपेक्षा मोजे जास्त महत्त्वाचे आहेत. चेंडू शेवटी कोणाच्या पायाला लागून बाहेर गेला, टॅकलमध्ये आधी चेंडूला लागलं की घोट्याला, हे बघताना सहायक पंचाची नजर जर्सीवर नसते, खाली असते. दोन्ही संघांचे मोजे काळे असतील तर गुंतलेल्या चार पायांतला कोणाचा कुठला हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. थ्रो-इन आणि कॉर्नरवरचे बरेचसे वाद इथूनच निघतात. शॉर्ट सारख्या असल्या तर कॉर्नरच्या गर्दीत थोडी पंचाईत होते, पण निभावून नेता येतं. जानेवारीच्या सकाळच्या सामन्यांत आणखी एक : थंडी असते म्हणून पोरं घरचं काळं इनर घालून येतात, वर पांढरी जर्सी. समोरचा संघ काळा असला आणि गर्दीत चेंडू हाताला लागला, की हात कोणाचा यावरून भांडण.

रंग जुळतात का हे तपासायला यंत्र लागत नाही. दोन्ही जर्स्या, शॉर्ट आणि मोजे जमिनीवर शेजारी पसरा, सावलीत एक आणि उन्हात एक असे दोन फोटो मोबाइलवर काढा आणि ते कृष्णधवल करा. दोन्ही राखाडी सारखे दिसले तर टक्कर आहे, रंगाचं नाव काहीही असो. पट्ट्यांच्या जर्सीला हा फोटो पंचवीस-तीस पावलांवरून काढावा, कारण बारीक पट्टे लांबून मिसळून तिसराच रंग होतात. लाल-पांढरे बारीक पट्टे लांबून गुलाबी दिसतात. पाठ वेगळ्या रंगाची असेल तर पाठीचाही फोटो हवा. पास देणारा पुष्कळदा पाठच बघत असतो.

आपल्या लाल-हिरव्यात काय चुकलं

एवढ्या जोड्या असताना आपण नेमकी सगळ्यात वाईट निवडली. रंगांधळेपणाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार लाल-हिरव्याचाच आहे. तो एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून मुलींपेक्षा मुलांत कितीतरी जास्त. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ मागे एकाला तो असतो. भारतात प्रमाण त्याहून कमी आढळतं, पण सोडून देण्याइतकं कमी नाही. अशा मुलाला मध्यम लाल आणि मध्यम हिरवा दोन्ही मातकट पिवळसर दिसतात, आणि आपलं मैदानही त्याच रंगाचं असतं. तो कोणाला सांगत नाही, पुष्कळदा त्याचं त्यालाच माहीत नसतं. बाहेरून प्रशिक्षक ओरडतो, 'पोट्ट्याचं लक्ष कुठं आहे!' २०१८ च्या विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात रशिया लाल आणि सौदी अरेबिया हिरव्या जर्सीत उतरला तेव्हा रंगांध प्रेक्षकांनी जाहीर तक्रारी केल्या होत्या. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं त्याच्या वर्षभर आधी, २०१७ मध्ये, या विषयावर क्लबांसाठी मार्गदर्शिकाच काढली होती. कोणाला रंग दिसतात आणि कोणाला नाही हे पोरांना हात वर करून सांगायला लावू नका. एक संघ गडद आणि एक फिकट ठेवला की प्रश्नच येत नाही.

नमुना म्हणून दाखवलेल्या जर्स्या आम्ही हातात घेऊन पाहिल्या. हिरव्यावर काळा नंबर आहे, तोही वीतभर. समोरच्या कडेवरचा सहायक पंच तो वाचू शकत नाही. फिफाच्या स्पर्धांत पाठीवरचा नंबर २५ ते ३५ सेंटिमीटर उंच लागतो, तो उगाच नाही. लाल जर्सीवर पांढरं व्हायनल (गरम दाबानं चिकटवायचा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा) चिकटवलं आहे. सब्लिमेशनच्या, म्हणजे उष्णतेनं शाई धाग्यातच मुरवून छापलेल्या, लाल कापडावर साधं पांढरं व्हायनल दीडशे-एकशेसाठ अंशांवर दाबलं की खालचा रंग वर चढू लागतो आणि काही दिवसांत नंबर गुलाबी होतो. त्याला रंग अडवणारं व्हायनल लागतं, ते महाग पडतं. त्यापेक्षा सब्लिमेशनच्याच डिझाइनमध्ये नंबराची जागा पांढरी सोडावी. सब्लिमेशनमध्ये पांढरी शाई नसतेच, कापड मुळात पांढरं असतं, त्यामुळे तो नंबर ना सोलून निघतो ना रंग बदलतो. हे कोणत्याही छपाईवाल्याला विचारलं असतं तरी कळलं असतं.

एका सामन्यातली घामट जर्सी दुसऱ्या सामन्यात दुसऱ्या पोरानं घालायची, ही कल्पना पत्रक लिहिणाऱ्यानं स्वतःच्या अंगावर घालून पाहावी. गजकर्ण आणि नायटा ओल्या, सामायिक कपड्यांतून पसरतो, आणि आपल्या दमट पावसाळ्यात झपाट्यानं पसरतो. दोन सामन्यांच्या मध्ये धुऊन वाळवायची सोय कुठल्याच मैदानावर नाही.

शिवाय दर सामन्याला पेटीतून हाताला लागेल ती जर्सी मिळणार म्हणजे खेळाडूचा नंबर दर सामन्याला बदलणार. कार्डांचा हिशेब कसा ठेवणार, हे पत्रकात नाही. मापांचंही नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला ४० ची जर्सी गुडघ्यापर्यंत येते.

रंग कोणाचा

कामठीला लष्कराच्या छावणीमुळे फुटबॉल रुजला, नागपुरात तो मोहल्ल्यामोहल्ल्यांत, शाळांत आणि रेल्वेच्या मैदानांवर वाढला. इथल्या क्लबाकडे स्वतःचं मैदान नसतं, कार्यालय नसतं, कधी कधी नोंदणीचा कागदही धड नसतो. नाव आणि रंग एवढीच इस्टेट. निळा, हिरवा, भगवा, पिवळा, कोणत्या वस्तीनं कोणता आणि का घेतला हे त्या त्या वस्तीला पक्कं माहीत आहे. ते इथं उलगडून सांगायची गरज नाही. पण एका आठवड्यात लाल आणि पुढच्यात हिरवा अशा लॉटरीत संघ टाकला, तर कुंपणाबाहेर सायकलवर पाय टेकून उभ्या असलेल्या माणसाला आपली पोरं कोणती हे कसं कळणार? पुरस्कर्त्यालाही त्यातून फायदा नाही, दोन्ही संघ त्याचेच दिसले की लोक त्याचं नाव वाचणंच सोडून देतात.

मोठ्या क्लबांनाही हे भोगून कळलं. वेल्समधल्या कार्डिफ सिटी क्लबाच्या मालकांनी २०१२ मध्ये क्लबाचा निळा रंग बदलून लाल केला, आणि समर्थकांच्या रेट्यापुढं जानेवारी २०१५ मध्ये निळ्यावर परत यावं लागलं. कोलकात्यात २०२० मध्ये मोहन बागान आणि तिथलाच दुसरा क्लब एटीके एकत्र आले तेव्हा क्लबाचं नाव बदललं, पण हिरव्या-मरून रंगाला हात लावला गेला नाही. नावावरचा राग पुढं तीन वर्षं धुमसत राहिला आणि २०२३ मध्ये एटीके हे नावातून गेलं. रंग बदलला असता तर काय झालं असतं, याचा विचार करा.

थोडं क्लबांनाही सांगायला हवं. दरवर्षी 'तिसरं किट' काढायची हौस युरोपातून आली आहे, तिथं ते विकण्यासाठी असतं. रंगांची टक्कर नसताना परंपरेचा रंग पेटीत ठेवून नवी राखाडी जर्सी घालून उतरायचं कारण काय? १९९६ मध्ये मँचेस्टर युनायटेड साउदॅम्प्टनला राखाडी जर्सीत उतरली, मध्यंतरालाच ३-० मागे पडली, दुसऱ्या अर्ध्यात निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जर्सी घालून आली आणि ३-१ हरली. आपले साथीदार गर्दीच्या पार्श्वभूमीवर दिसत नाहीत, अशी खेळाडूंची तक्रार होती. आणि बाजारातल्या तयार अर्जेंटिना-बार्सिलोनाच्या जर्स्या घालून येणाऱ्या संघांबद्दल काय बोलावं! एकाच संघात तीन जण १० नंबर, तिघांच्या पाठीवर मेस्सी. पंचानं कार्ड कोणत्या मेस्सीला दिलं हे लिहिणार कसं?

जुना प्रश्न, जुनं उत्तर

हा घोळ नागपूरनं शोधलेला नाही. इंग्लंडच्या फुटबॉल लीगनं १८९० मध्ये नियम केला की दोन क्लबांनी सारखे रंग नोंदवायचेच नाहीत. क्लब वाढले, रंग पुरेनात. मग प्रत्येकाकडे दुसऱ्या रंगाचा संच हवा असं ठरलं. सुरुवातीला टक्कर झाली तर यजमानांनी बदलायचं, असं होतं. १९२१ मध्ये ते उलटं झालं : बदलायचं पाहुण्यांनी. जगभर आज साधारण हेच चालतं. गोलकीपरचा वेगळा रंगही तिथं १९०९ मध्ये आला, तोवर तो संघाच्याच जर्सीत खेळायचा.

आधी ठरवलं नाही की काय होतं, त्याचे दोन दाखले विश्वचषकातले आहेत. १९५८ च्या अंतिम सामन्यात स्वीडन आणि ब्राझील दोघेही पिवळे. ब्राझीलनं स्टॉकहोममधून निळ्या जर्स्या विकत आणल्या, पिवळ्या जर्स्यांवरची बोधचिन्हं काढून त्यांवर शिवली आणि ५-२ जिंकले. १९७८ मध्ये अर्जेंटिनातल्या मार देल प्लाताला फ्रान्स आणि हंगेरी दोघेही पांढरी जर्सी घेऊन आले. सामना खोळंबला. शेवटी फ्रान्सनं किम्बर्ली या तिथल्या क्लबाच्या हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्स्या उसन्या घेतल्या आणि काही खेळाडूंच्या जर्सीवर एक नंबर, शॉर्टवर दुसरा, असा सामना झाला. विश्वचषकात हे होत असेल तर आपल्याकडे होणारच, हे मान्य. पण त्यांनी त्यातून लाल-हिरव्या जर्स्या वाटायला सुरुवात केली नाही. फिफा विश्वचषकाच्या संघांकडून आधीच दोन किट मागते, एक मुख्यतः गडद आणि एक मुख्यतः फिकट.

आमच्या मागण्या

१. लाल-हिरव्याचं कलम मागे घ्यावं. क्लबांनी आपल्या परंपरेच्या रंगातच उतरावं, हा मूळ नियम असावा. दोन्ही संघांच्या रंगांची टक्कर नसेल तर दोघांनीही पहिलंच किट घालायचं. वेळापत्रकात नाव नंतर आहे म्हणून त्या 'दुसऱ्या नावाच्या' संघानं उगाच दुसरं किट घालू नये.

२. टक्कर असेल तर दुसऱ्या नावाच्या संघानं बदलायचं, आणि जे जुळतं तेवढंच बदलायचं. मोजे जुळत असतील तर मोजे, जर्सी जुळत असेल तर जर्सी. परंपरेच्या जर्सीला वेगळी शॉर्ट आणि मोजे लावून काम भागत असेल तर जर्सीला हात लावू नये. आपल्याकडे बहुतेक सामने तटस्थ मैदानावर होतात, म्हणून 'पहिलं नाव' गटातल्या सामन्यांत आलटून पालटून द्यावं, म्हणजे एकाच संघावर दरवेळी बदलायची पाळी येणार नाही. उपांत्य आणि अंतिम सामन्याला चिठ्ठी काढावी. तीही संघ निश्चित झाले त्याच संध्याकाळी, मैदानावर नाही.

३. प्रवेश अर्जासोबत दोन्ही किटचा फोटो घ्यावा : जर्सी पुढून आणि मागून, शॉर्ट, मोजे, दोन्ही गोलकीपर जर्स्या. दोनपैकी एक किट गडद आणि एक फिकट असणं सक्तीचं करावं. गोलकीपरच्या जर्स्यांपैकी एक तरी पिवळी, नारिंगी किंवा पोपटी असावी. काळी आणि राखाडी गोलकीपर जर्सी पंचाशी किंवा सावलीशी जुळते.

४. सामन्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत रंगपत्रक काढावं. एका सामन्याला एक ओळ : कोण काय घालणार, गोलकीपर काय घालणार, पंच काय घालणार. दोन्ही व्यवस्थापक आणि पंच यांना व्हॉट्सॲपवर पाठवून 'मिळालं' एवढं उत्तर घ्यावं. ठरवताना क्रम असा : पहिल्या नावाच्या संघाचे खेळाडू, दुसऱ्याचे खेळाडू, मग दोन्ही गोलकीपर, शेवटी पंच. पंचांकडे काळी आणि पिवळी अशा दोन जर्स्या असाव्यात, ती जबाबदारी पंचांची. एवढं काम करायला एका माणसाला अर्धा तास पुरतो.

५. सामन्याच्या चाळीस मिनिटं आधी पंचानं दोन्ही संघांचा प्रत्येकी एक पूर्ण पोशाखातला खेळाडू आणि दोन्ही गोलकीपर मैदानाच्या मध्यावर उभे करून स्वतः कडेच्या रेषेवरून बघावं. इनर, टाइट आणि मोज्यावरची टेप तेव्हाच तपासावी. रंगपत्रकाप्रमाणे किट न आणणाऱ्या संघाला पहिल्यांदा ताकीद द्यावी, दुसऱ्यांदा दंड करावा. उजेड कमी झाल्यामुळे सामन्याच्या मध्येच अडचण आली तर मध्यंतरात बदल सांगायचा अधिकार पंचाला असावा.

६. पुरस्कर्त्याचं नाव क्लबाच्या जर्सीवर ठरावीक मापात, एका रंगात छापू द्यावं. बाही किंवा छाती, जे ठरेल ते. त्याच्यासाठी जर्सीचा रंग बदलायचा नाही. फलक आणि चषक त्याच्या नावानं आहेतच.

७. नंबर संपूर्ण स्पर्धेत एका खेळाडूला एकच. पाठीवर किमान २५ सेंटिमीटर उंच, गडदवर फिकट किंवा फिकटवर गडद. पट्ट्यांच्या जर्सीवर नंबरामागे एकरंगी चौकट.

खर्चाचं काय, असं आपण विचाराल आणि ते रास्त आहे. झोपडपट्टीतल्या संघाकडे एकच किट धड नसतं, दुसरं कुठून आणणार? दुसऱ्या किटला वेगळी शॉर्ट घ्यायची सक्ती नको, मोज्यांची एक जास्तीची जोडी आणि फक्त जर्सी पुरते. १४० ते १६० जीएसएमच्या (चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाच्या) डॉट-निट म्हणजे ठिपक्यांच्या विणीच्या कापडाची, एका रंगाची, सब्लिमेशनमधेच नंबर छापलेली जर्सी आजच्या भावानं साधारण २५० ते ३५० रुपयांत होते. १८ खेळाडूंच्या आणि २ गोलकीपरच्या मिळून वीस जर्स्यांचे सहा-सात हजार धरा. जर्सी उलटी करून, थंड पाण्यात धुऊन, सावलीत वाळवली तर तीन-चार हंगाम आरामात चालते. ज्यांना तेही झेपत नाही त्यांच्यासाठी आयोजकांनी प्रत्येक मैदानावर एक संच ठेवावा : पिवळा, १ ते २० नंबर छापलेला, तीन मापांत, सामन्यानंतर धुण्याची जबाबदारी ठरवून दिलेला. पुरस्कर्त्याचे पैसे लाल-हिरव्या जर्स्यांऐवजी या संचावर खर्च करा आणि छातीवर खुशाल त्याचं नाव छापा. तो संच फक्त टक्कर असताना आणि दुसरी जर्सी नसताना वापरायचा. बिब सरावासाठी राहू द्या.

वेळापत्रक काढण्याआधी सर्व क्लबांची, शाळांच्या क्रीडाशिक्षकांची आणि पंचांची एक बैठक बोलवावी, ही शेवटची विनंती. प्रत्येकानं दोन्ही जर्स्या आणि मोजे सोबत आणावेत. त्याच टेबलावर फोटो काढून, कोणाची कोणाशी टक्कर आहे त्याचा तक्ता तिथंच भरता येईल. तक्ता भरायला, फोटो तपासायला आणि पहिल्या महिन्याची रंगपत्रकं काढून द्यायला आमच्यापैकी चार जण विनामोबदला तयार आहेत. तारीख आणि जागा आपण कळवावी.

आपले,
नागपूर व कामठीतील काही पंच, प्रशिक्षक, किट सांभाळणारे आणि जर्सी छापणारे